सर, यानंतर काय ऐकू?



आजचा विषय वाचून काहीजणांच्या भुवया वर गेल्या असणार. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ज्ञानदेव सोडून, कांट सोडून गिरीजमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटलवर बोलायचं, म्हणजे म्हाताऱ्याला झालंय तरी काय? आयोजकांनीही "सर, विषय नक्की हाच ना?" असं दोनदा विचारून घेतलं. विषय हाच. मात्र आम्ही इतिहास सांगायला उभे नाही. एका रसिकाने दुसऱ्या रसिकाला "हे ऐक" म्हणावं, तेव्हा नेमकं काय घडतं, एवढंच बघायचं आहे.

निमित्त आमच्या शेजारच्या मुलाचं. वय सव्वीस-सत्तावीस, रोज वसई रोडहून विरार लोकलमध्ये घुसून अंधेरीला नोकरीला जाणारा. एकदा त्याच्या टी-शर्टवर आयर्न मेडनचा तो सांगाडा, एडी, दिसला. आम्ही सहज विचारलं, "काय रे, सेव्हन्थ सन ऐकलास का?" तो आमच्याकडे असा बघत राहिला, जणू आमच्या अंगणातल्या नारळाला आंबे लागले होते. (हशा) त्या दिवसापासून आमची दोस्ती. वयात जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर, पण गुण्यागोविंदाने चाललं आहे.

मग त्याचे वडील गेले. अर्धांगवायूने बरेच महिने अंथरुणावर होते, आणि सगळं याच मुलाने केलं. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सर, मेटालिका, मेडन, मेगाडेथ, सगळं लावून बघितलं. काहीच आत जात नाही. यानंतर काय ऐकू?"

आम्ही उत्तर दिलं ते चुकलं. आम्ही त्याला ड्रीम थिएटरचा 1999 सालचा 'मेट्रोपोलिस पार्ट टू: सीन्स फ्रॉम अ मेमरी' दिला. अल्बम जबरदस्त आहे, आजही आमचं तेच मत आहे. पुनर्जन्माची गोष्ट, त्यात एक जुना खून, आणि वादन असं की संगीत शिकणाऱ्याने वही घेऊन बसावं. या मंडळींतले तिघे बोस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये भेटले होते, ते शिक्षण जागोजाग ऐकू येतं. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या गाण्यात बंद केलं म्हणाला. "सर, फार हुशार लोक आहेत."

हे 'हुशार' आम्हाला लागलं. आमच्या लक्षात आलं की आम्ही त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं. आम्हाला काय आवडतं ते सांगून मोकळे झालो होतो. सौंदर्यशास्त्र तीस वर्षं शिकवलं, आणि परीक्षा ओट्यावर झाली.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय आम्हाला राहवणार नाही. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीवरचा निबंध आहे, 1757 सालचा. तिथे तो म्हणतो की विशीत माणसाला एक लेखक आवडतो, चाळिशीत दुसरा, पन्नाशीत तिसराच, आणि यात कुणाची चूक नसते. आपण लेखक निवडतो ते मित्र निवडावा तसा, स्वभाव जुळतो म्हणून. पुढे 1790 मध्ये कांट उलटं टोक धरतो. 'मला आवडलं' आणि 'हे सुंदर आहे' यांत फरक आहे, दुसरं म्हणताना मी तुमच्याही होकाराची अपेक्षा करतो, आणि गंमत म्हणजे ती अपेक्षा सिद्ध करायला माझ्याकडे नियम नसतो, असं त्याचं म्हणणं. शिफारस करणारा माणूस या दोघांच्या मधोमध अडकलेला असतो. "हे ऐकच" म्हणताना तो कांट असतो, आणि समोरच्याने तिसऱ्या गाण्यात बंद केलं की त्याला ह्यूम आठवतो. आम्हाला आठवला.

तेव्हा आम्ही ठरवलं, आधी या संगीतात आहे काय ते नीट मांडायचं. कुणाचा कान कशावर जातो हे कळलं तरच पुढचं सांगता येतं. आज समोर निम्मी मंडळी पांढऱ्या केसांची दिसताहेत आणि त्यांना हे संगीत म्हणजे भांड्यांचा ढीग कोसळावा तसं वाटत असेल. त्यांच्यासाठी आपल्या गावातूनच सुरुवात करू.

आपली हिराडोंगरी. वर दत्तमंदिर आणि वज्रगडाच्या खुणा. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यातली एक भीमाशंकरला टांगलेली आहे, एक मेणवलीला. भीमाशंकरला गेलात तर ती घंटा वाजवून कान देऊन ऐका. युरोपीय चर्चच्या घंटेत मूळ स्वराबरोबर वरचा कोमल गंधारही वाजत असतो, धातूच्या आकारामुळे. म्हणून ती घंटा लग्नातही वाजली तरी तिच्यात किंचित उदासी असते. तर 13 फेब्रुवारी 1970 रोजी इंग्लंडमध्ये एक तबकडी आली, ब्लॅक सॅबथ या बँडची पहिलीच. तिची सुरुवात अशी होते: पाऊस, ढगांचा गडगडाट, आणि लांबून चर्चची घंटा. मग एकदम गिटार. हेवी मेटल इथून सुरू झालं असं बहुतेक जाणकार मानतात.

त्या गिटारमध्ये आहे काय? षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. बस्स. षड्जापासून तीव्र मध्यमाचं हे अंतर युरोपात सैतानी समजलं गेलं. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात आहे, मारव्यात आहे, पूरियात आहे. आपण त्यावर संध्याकाळी दिवेलागण करतो! सूर तोच. मग भीती कुठून येते? संथ लयीतून, घंटेतून, आणि गिटारच्या त्या खरखरीत आवाजातून.

त्या खरखरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आवाज इथेच लोकांना टोचतो. टोनी आयोमी, सॅबथचा गिटारवादक, बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, आणि पुढे तारा सैल केल्या म्हणजे दाबायला सोप्या जाव्यात. तारा सैल म्हणजे सूर खाली आला, आवाज जड झाला. एका कामगाराच्या अपघातातून अख्ख्या संगीतप्रकाराचा खर्ज निघाला आहे.

आणि खरखर म्हणजे काय? अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज त्यातून काढायला लागलं की लाटेची टोकं कापली जातात, आणि मूळ स्वराच्या अंगावर कितीतरी वरचे स्वर उगवतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर सुताचा धागा सरकवून आपण काय करतो? तारेला मुद्दाम घोडीला घासू देतो, म्हणजे ती झणझणते, एका स्वरात अनेक ऐकू येतात. कारण वेगळं, हेतू एकच. आता अशा झणझणीत आवाजात तीन-चार स्वर एकत्र वाजवले तर गिचमिड होते. म्हणून मेटलवाले फक्त दोन ठेवतात, षड्ज आणि पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोरा काय वाजवतो हो? षड्ज आणि पंचम. आम्ही हे पहिल्यांदा एका शास्त्रीय गायक मित्राला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. (हशा)

दुसरी गोष्ट लय. पिंक फ्लॉइडचं 'मनी', 1973 सालचं, सात मात्रांत चालतं. रूपक मोजत बसा, बरोबर बसेल. मध्ये गिटारच्या सोलोला ते चारात जातात आणि परत सातात येतात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला तो हा हट्ट: चार मात्रांची चौकट मोडायची, तीन मिनिटांच्या गाण्याची मर्यादा मोडायची, आणि संपूर्ण तबकडी ही एक रचना मानायची. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 मधला, तिथून हा प्रवाह धरतात. येसचा 'क्लोज टू द एज' 1972 चा, त्याच्या मुळाशी हेर्मान हेसेची 'सिद्धार्थ' कादंबरी. त्याच वर्षी जेथ्रो टलने दोन्ही बाजू मिळून एकच गाणं असलेली तबकडी काढली. येसने पुढच्या वर्षी आणखी मोठा घास घेतला. योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशा चार बाजू, ऐंशी मिनिटं! तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून आम्ही मोठ्या आशेने ती ऐकली. तळटीप बरी होती.

स्वीडनचा मशुगा हा बँड याच लयीच्या वाटेने फार पुढे गेला. त्यांचं 'ब्लीड' 2008 सालचं आहे. ड्रमवाला हाताने झांजेवर सरळ चार धरून ठेवतो, आणि पाय व गिटार मिळून विषम मात्रांचं आवर्तन त्यावर फिरवतात. दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात, ऐकणाऱ्याचा तोल जातो, आणि मग एका ठिकाणी दोन्ही एकदम समेवर येतात. तिहाई ऐकताना तुमची मान आपोआप हलते ना, तेच इथे होतं. फक्त इथे मानेला जास्त काम आहे.

आणि टूल. अमेरिकन बँड. त्यांच्या 'लॅटरॅलस' या 2001 च्या गाण्यात शब्दांतली अक्षरं मोजली तर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढतात आणि मग उतरतात. फिबोनाचीची श्रेणी म्हणून हे सगळीकडे सांगतात. फिबोनाचीचं पुस्तक 1202 चं. आपल्याकडे विरहांकाने आणि 1150 च्या सुमारास हेमचंद्राने हीच श्रेणी छंदशास्त्रातून काढली होती: लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. म्हणजे ही श्रेणी आपल्याकडे आली तीच मुळी कवितेच्या तालातून. टूलने ती पुन्हा तालात नेऊन ठेवली. त्यांना हे माहीत असण्याची गरज नाही. आपल्याला असावं.

तिसरी गोष्ट, ती गुरगुर. "हा माणूस ओरडतो का?" हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला आहे. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक घड्यांची जोडी असते. एरवी बोलताना ती स्वस्थ असते. शिकलेला गायक ती कंपायला लावतो, म्हणून आवाज असा खालून, दोन माणसांचा मिळून आल्यासारखा येतो. नीट शिकलं तर गळा शाबूत राहतो, नुसतं ओरडलं तर आठवड्यात बसतो. पण का करायचं असं? भरताने आठ रस सांगितले. त्यात शृंगार, हास्य, करुण, वीर, अद्भुत आपण आनंदाने घेतो. रौद्र, भयानक, बीभत्स यांचं काय करायचं? नाटकात खलनायकापुरते, गाण्यात जवळपास नाहीतच. मेटलने हे तीन टाकलेले रस उचलले. मुंबईत एक बँड आहे, त्याचं नावच 'भयानक मौत'. नाव ऐकून हसू येतं, पण भरताला यात वावगं वाटलं नसतं. आणि अभिनवगुप्त म्हणतो तसं, रंगमंचावरचं भय हे माझंही नसतं, तुझंही नसतं, ते सर्वांचं होतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. ज्याने घरी खरं भय पाहिलेलं आहे त्याला हे फार लवकर कळतं.

आता मर्ढेकर. कवी मर्ढेकर सगळ्यांना माहीत, पण 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिणारे मर्ढेकर आता फारसे कुणी वाचत नाहीत. त्यांनी लयीची तीन तत्त्वं मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. आम्हाला शिफारस करायची एक कामचलाऊ रीत यातून सापडली. समोरच्याला कुठल्या प्रकारची लय धरते ते बघायचं. कुणी संवादाचे असतात, सूर सुरात मिसळला की खूश. त्यांना पॉर्क्युपाइन ट्री द्यावा. कुणाला विरोध हवा, आत्ता शांत आणि आत्ता वादळ. त्यांना ओपेथचा 2001 चा 'ब्लॅकवॉटर पार्क', त्यात गुरगुर आणि निर्मळ गाणं एकाच गाण्यात एकमेकांना भिडतात. आणि काहींना मोठ्या रचनेचा तोल आवडतो, वीस मिनिटांनी सुरुवातीचा धागा परत आला की डोळे पाणावतात. त्यांना जुना येस, जुना रश. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त आणखी एक दुही दाखवली आहे, कलेला जीवनापासून अलग मानणारे आणि जीवनाशी जोडणारे. तीही उपयोगी. काही श्रोते विचारतात, "किती मात्रा?" काही विचारतात, "कशाबद्दल आहे?" आमचा शेजारी त्या दिवसांत दुसऱ्या गटातला होता, आणि आम्ही त्याला मात्रा मोजायला दिल्या होत्या.

आमच्या तरुणपणी हे चुकणं महाग पडायचं, म्हणून लोक विचार करत. 1972 साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले. आम्ही तेव्हा मुंबईतच कॉलेजात होतो. ते आले होते हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं! बातमीच पोचत नसे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये उभं राहून तबकड्यांची पाठ वाचायची, विकत घेणारा एखादाच. तो एकजण मग बाकीच्यांना कॅसेट भरून द्यायचा. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. म्हणजे एका बाजूला एक अल्बम बसायचा, आणि दुसरी बाजू रिकामी. तिथे काय भरायचं, याच्यावर आम्ही रात्र रात्र घालवली आहे. मित्राने महाविष्णू ऑर्केस्ट्रा मागितला, 1971 चा 'द इनर माउंटिंग फ्लेम'. पाठच्या बाजूला काय द्यावं? तेच अधिक दिलं तर अजीर्ण. म्हणून पलीकडे क्रिमझन. कॅसेट उलटली की त्याला नवी खोली उघडायची. आजचा मोबाईल 'यासारखं आणखी' देतो, आणि ते अगदी बरोबर असतं, म्हणूनच माणूस वर्षभर एकाच खोलीत फिरत राहतो. 'यानंतर काय' हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी समोरच्याचं कालपर्यंतचं आणि आजचं, दोन्ही माहीत असावं लागतं. ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं.

मुंबईबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण नवीन मुलांना वाटतं हे सगळं परदेशी. 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन सुरू झाला, पुढे त्याचाच इंडस क्रीड झाला. 1986 पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचा. उघडं नाट्यगृह, पावसाची भीती, आणि हजारो पोरं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवन गेलं. शेजारी रुग्णालयं आहेत, नियम चुकीचा म्हणवत नाही, पण त्या जागेला पर्याय दिला गेला नाही ही आमची तक्रार आहे. 2008 च्या 1 फेब्रुवारीला आयर्न मेडनने आपला जगभरचा दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, त्यांचा गायक स्वतः विमान चालवत आला होता. 2009 च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेले.

आपल्याकडच्या बँडांत आम्ही पहिलं नाव घेऊ ते डेमॉनिक रिझरेक्शनचं. 2000 सालापासूनचा मुंबईचा बँड. त्यांचा 2017 चा अल्बम आहे 'दशावतार': मत्स्य, कूर्म, वराह, असं एकेका अवतारावर एकेक गाणं, थेट कल्कीपर्यंत. कोकणात रात्रभर दशावतारी खेळ पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. नरसिंहाला त्या गुरगुरीपेक्षा योग्य आवाज कुठला? (हशा) ज्यांना गोडवा हवा त्यांना पॅराडाइम शिफ्ट, व्हायोलिन आणि हिंदी शब्द. हिंदीतच कोशिशचा 2013 चा 'फिरदौस', सलग गोष्ट सांगणारा. स्क्राइबचं 'आय लव्ह यू पावभाजी' ऐका, हास्यरसही मेटलला वर्ज्य नाही हे कळेल. दिल्लीकडचा स्कायहार्बर मशुगाच्या लयीला हळुवार सूर देतो, आमच्या मते अंमळ जास्तच हळुवार, पण शेजाऱ्याला तो फार आवडतो आणि यावरून आमचं भांडण चालू आहे.

बरं, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा काय दिलं?

ओपेथचा 'डॅमनेशन', 2003. हा गुरगुर करणारा बँड, पण या तबकडीत एकही गुरगुर नाही. संथ, मेलोट्रॉनच्या धुक्यातलं गाणं. ध्वनिमुद्रण चालू असताना गायक मिकाएल ओकेरफेल्टची आजी गेली, तबकडी तिलाच अर्पण केलेली आहे. आम्ही मुलाला हे आधी सांगितलं नाही. त्याला नुसतं म्हटलं, "लोकलमध्ये नको, रात्री ऐक." त्याने ऐकला. दोन दिवसांनी म्हणाला, "सर, याच्यात कुणी मला समजवायला आलं नाही." सांत्वनाला येणाऱ्यांचा त्याला तोवर उबग आला असावा.

मग रश. त्यांचा ड्रमवादक आणि गीतकार नील पर्ट. 1997 मध्ये त्याची मुलगी अपघातात गेली, 1998 मध्ये बायको कॅन्सरने. त्याने वाजवणं सोडलं, मोटरसायकल काढली आणि अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर फिरला. त्यावर पुस्तकही लिहिलं. 2002 मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, 'व्हेपर ट्रेल्स' आला, आणि तो अल्बम सुरू होतो तो एकट्या ड्रमने. आधी कुणी नाही, फक्त पर्ट. तबकडीचा आवाज खराब ध्वनिमुद्रित आहे अशी तक्रार रशचे चाहते आजही करतात आणि ती खरी आहे, नंतर त्यांनी तो पुन्हा मिसळून काढला. मुलाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने पहिला अर्धा मिनिटच कितीतरी वेळा ऐकला.

तिसऱ्या शिफारशीला आम्ही अडलो. स्टीव्हन विल्सनचा 2015 चा 'हँड. कॅनॉट. इरेज.' आमच्या मनात होता. लंडनमधल्या जॉइस व्हिन्सेंट या बाईच्या गोष्टीवरून तो सुचला. ती 2003 च्या अखेरीस आपल्या फ्लॅटमध्ये वारली, आणि 2006 मध्ये सापडली. टीव्ही चालूच होता. वय अडतीस, मित्र होते, बहिणी होत्या. हा अल्बम त्याला नको, असं ठरवलं. तो आमच्यासारख्यांसाठी आहे. वसईत आता किती घरांत एकेकटी म्हातारी माणसं आहेत, मुलं कॅनडात, आखातात, आणि दारं दुपारीही बंद, हे तुम्ही जाणता. आम्ही तो ऐकल्यावर समोरच्या इमारतीतल्या आजींना रोज सकाळी फोन करायला लागलो. त्या म्हणतात, "तुम्हाला काही काम नाही का?" नाही.

आणि टूलचा 'टेन थाउजंड डेज', 2006 चा. तो द्यावा की नाही यावर आम्ही दोन महिने घालवले. गायक मेनार्डची आई 1976 मध्ये पक्षाघाताने आडवी झाली, ती सत्तावीस वर्षं तशीच होती. दहा हजार दिवस म्हणजे तेवढे. दोन गाणी मिळून सतरा मिनिटं, तिच्यासाठी. मुलाच्या घरात काय घडलं होतं ते आम्ही पाहिलेलं. औषध आणि जखम दोन्ही तेच. शेवटी आम्ही त्याला सगळं सांगून टाकलं: हे असं आहे, कशावर आहे, तुझ्याकडे राहू दे, ऐकलं नाहीस तरी चालेल. 'डॅमनेशन'च्या वेळी न सांगणं योग्य होतं, इथे सांगणं योग्य होतं, असं आम्हाला वाटतं. याचा नियम विचाराल तर आमच्याकडे नाही. कांटकडेही नव्हता.

बरेच आठवडे तो त्याबद्दल काही बोलला नाही. पावसाळा सुरू झाला. एक दिवस फाटकाशी उभा राहून म्हणाला, "सर, त्यांचे दहा हजार. आमचे तीनशे सहा." आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेला.

आता तो आम्हाला सुचवतो. आमचे कान गेल्या काही वर्षांत उतरले आहेत, वरचे सूर येत नाहीत, झांजा गेल्या. श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं असतं, संगीत त्यातून चेपून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. त्याने आमचं यंत्र मोबाईलला जोडून त्यातली संगीतासाठीची सोय शोधून काढली, ती आम्हाला तीन वर्षं माहीत नव्हती. मग म्हणाला, "सर, तुम्हाला आता खर्जातलंच जास्त येणार, तर तसंच देतो." हल्ली दर रविवारी एक अल्बम येतो. मागच्या रविवारी मॅस्टोडॉनचा 'क्रॅक द स्काय' होता, 2009 चा. स्काय हे त्यांच्या ड्रमवाल्याच्या बहिणीचं नाव, ती चौदाव्या वर्षी गेली. आम्हाला हे ठाऊक होतं, पण आम्ही त्याला सांगू दिलं.

तो आज इथे आलेला आहे, मागे बसला आहे, त्याच्याकडे बघू नका. ध्वनिक्षेपकाचं काम त्यानेच केलं आहे. आता आपण 'डॅमनेशन'मधलं पहिलं गाणं लावतो आहोत, 'विंडोपेन'. पावणेआठ मिनिटं आहेत. ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांनी आत्ताच निघावं, मध्ये खुर्च्या सरकवू नयेत. प्रश्न त्यानंतर घेऊ.